श्रेय कोणाचे? फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण आणि ख्रिस्ती नम्रता

जुन्या मराठी ग्रंथांची एक रीत आम्हांला फार मोलाची वाटते. ग्रंथ उघडला की पहिल्या पानावर ग्रंथकार भेटत नाही. भेटते ते नमन. आधी देवाला वंदन, मग गुरूला, मग श्रोत्यांना, आणि या सर्वांच्या मागे, दाराआड उभा राहावा तसा, कवी. आज पुस्तक हाती घेतले की मलपृष्ठावर लेखकाचे छायाचित्र असते. त्याखाली पदव्या, पुरस्कार आणि पूर्वप्रकाशित पुस्तकांची यादी असते. काळाबरोबर रीती बदलतात, त्याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. परंतु त्या जुन्या रीतीच्या मुळाशी जो प्रश्न होता, तो मात्र जुना झालेला नाही. आपल्या हातून जे काही चांगले घडते, त्याचे श्रेय कोणाचे?

हा प्रश्न आम्ही येथे एका ग्रंथाच्या आणि त्याच्या कर्त्याच्या आधारे पाहू इच्छितो. ग्रंथ म्हणजे १६१६ साली गोव्यातील रायतूर, म्हणजेच राशोल, येथे छापले गेलेले ख्रिस्तपुराण. कर्ते म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स. मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास सांगताना प्रत्येक जण त्यांचे नाव घेतो. मराठी भाषेच्या थोरवीविषयी त्यांनी रचलेल्या ओव्या ज्यांनी पुराण कधी पाहिलेही नाही अशांच्या तोंडी असतात. पण त्या ओव्या ज्या मनातून निघाल्या, त्या मनाची घडण कशी झाली, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ती घडण ध्यानात आली, तर ख्रिस्ती नम्रता म्हणजे काय, आणि काय नव्हे, हेही ध्यानात येईल असे आम्हांला वाटते.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील बुश्टन या गावी झाला. वडील लंडनमध्ये व्यापार करीत. तो काळ राणी एलिझाबेथ पहिली हिचा. कॅथलिक श्रद्धा उघडपणे पाळणे म्हणजे मालमत्ता, मानमरातब आणि प्रसंगी प्राण गमावणे. थॉमस पाउंड नावाचा त्यांचा एक जिवलग मित्र होता. दोघांनी मिळून रोमला जावे आणि येशूसंघात प्रवेश करावा असे ठरले होते. पण पाउंड पकडला गेला. पुढे त्याचे सुमारे तीस वर्षांचे आयुष्य वेगवेगळ्या तुरुंगांत गेले. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. बेत एक, मित्र दोन. एकाच्या वाट्याला कोठडी आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला समुद्र. यात आपले कर्तृत्व किती, असा प्रश्न त्या तरुणाच्या मनात उठल्यावाचून राहिला नसेल.

रोममध्ये त्यांना जी शिकवण मिळाली, तिचे स्वरूप येथे थोडे सांगितले पाहिजे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांना निवर्तून तेव्हा वीसच वर्षे होत आली होती. त्यांनी आखून दिलेल्या 'आध्यात्मिक साधने'च्या अखेरीस एक चिंतन आहे. साधकाने आपल्याला मिळालेल्या सर्व देणग्या एकेक करून आठवायच्या, त्या कोठून आल्या हे पाहायचे, आणि मग आपले स्वातंत्र्य, स्मरणशक्ती, बुद्धी व इच्छा ज्याची त्याला परत अर्पण करायची. म्हणजे आधी हिशेब, मग समर्पण. देवाच्या अधिकाधिक गौरवासाठी हे येशूसंघाचे ब्रीद याच चिंतनातून अर्थपूर्ण होते.

ही शिकवण इग्नेशियस यांची एकट्याची नव्हती. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तीत सत्कर्मांची साधने सांगताना त्यांनी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. आपल्या ठायी काही चांगले दिसले तर ते देवाचे मानावे, स्वतःचे नव्हे. आणि वाईट दिसले तर ते मात्र आपलेच आहे हे ओळखून स्वतःच्या माथी घ्यावे. संत ऑगस्टीन त्याहूनही पुढे जातात. देव जेव्हा आपल्या पुण्याईला मुकुट घालतो, तेव्हा तो वस्तुतः आपल्याच देणग्यांना मुकुट घालीत असतो, असे ते सांगतात. ट्रेंट येथील महासभेने १५४७ साली हाच विचार ख्रिस्तसभेची शिकवण म्हणून मांडला. आणि या सर्वांच्या आधी संत पौल यांनी करिंथकरांना विचारलेला तो साधा, पण निरुत्तर करणारा प्रश्न आहेच: तुझ्याजवळ असे काय आहे, जे तुला दिले गेलेले नाही? दिलेले असेल, तर न दिल्यासारखा तोरा कशाला?

आम्ही बेनेडिक्ट यांच्या त्या दोन वाक्यांकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. त्यांपैकी पहिले आपण आवडीने पाठ करतो. दुसरे सहसा गाळतो. पुढे जे सांगायचे आहे, त्यात या दुसऱ्या वाक्याचे काम पडणार आहे.

४ एप्रिल १५७९ रोजी स्टीफन्स लिस्बनहून जहाजात बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. भारतात येऊन स्थायिक झालेला, नाव ठाऊक असलेला, पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार त्यांची नोंद करतात. उतरल्यानंतर थोड्याच दिवसांत, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. ते पत्र पुढे हॅकलूट यांच्या प्रवासवर्णनांच्या प्रसिद्ध संग्रहात १५८९ साली छापले गेले. पत्र मोठे वाचनीय आहे. त्यात उडणारे मासे आहेत, शार्क आहेत, वाऱ्यांची आणि नक्षत्रांची माहिती आहे. हिरड्या सुजवून माणसाला झिजवणाऱ्या समुद्रावरील आजाराचे वर्णन आहे; दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि त्यांतील सत्तावीस दगावली, आणि इतर सफरींच्या मानाने ही हानी थोडीच समजली गेली, असे ते लिहितात. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ जहाज खडकाळ किनाऱ्याच्या इतके जवळ ओढले गेले की सर्वांनी जगण्याची आशा सोडली होती. नंतर ते त्यातून सुटले.

तीस वर्षांच्या तरुणाने वडिलांना लिहिलेल्या पत्रात पराक्रमाच्या गोष्टी असायच्या. स्टीफन्स यांच्या पत्रात निरीक्षण भरपूर आहे. 'मी' फार थोडा आहे. आम्हांला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. नम्र माणूस खाली मान घालून चालतो अशी आपली समजूत असते. पण मान खाली घालून चालणाऱ्याला जग दिसत नाही. स्वतःवरून नजर हटली म्हणजे ती इतर सर्व गोष्टींकडे मोकळेपणाने वळते, आणि ज्याला देणग्या दिसतात त्यालाच देणारा आठवतो.

गोव्यात आल्यावर त्यांची नेमणूक साष्टीत झाली. आमच्या उत्तर कोकणातील वाचकांनी येथे घोटाळा करू नये; ही मुंबई-ठाण्याची साष्टी नव्हे, तर गोव्यातील मडगाव, रायतूर, कुंकळ्ळी या गावांचा मुलूख. पुढील जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी बहुतांशी तेथेच काढली. 'पाद्री इस्तेव्हांव' हे त्यांचे पोर्तुगीज वळणाचे नाव तेथलेच.

या साष्टीत त्यांच्या आगमनानंतर चारच वर्षांनी जे घडले, ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे येशूसंघाचे पाच सदस्य आणि त्यांच्यासोबतचे काही ख्रिस्ती जन मारले गेले. त्यांचे प्रमुख होते फादर रोदोल्फो अक्वाविवा. येशूसंघाचे त्या वेळचे सर्वाधिकारी क्लॉदिओ अक्वाविवा यांचे ते पुतणे, आणि अकबराच्या दरबारी तीन वर्षे राहून नुकतेच परतलेले. मृतदेह मिळवून त्यांना विधिपूर्वक मूठमाती देण्याच्या कामी फादर स्टीफन्स होते. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला आपल्या भावाला लिहिलेल्या लॅटिन पत्रात त्यांनी या घटनेची हकीकत कळवली. ख्रिस्तसभेने १८९३ साली या पाच जणांना धन्य घोषित केले.

ही झाली हकीकतीची एक बाजू. दुसरी बाजू अशी की, कुंकळ्ळीचे लोक विनाकारण खवळले नव्हते. १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील शेकडो देवळे नष्ट केली होती, आणि कुंकळ्ळीकरांची देवळेही त्यातून सुटली नव्हती. आणि तिसरी बाजू अशी की, या हत्यांनंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळणा येथील किल्ल्यात बोलावून घेतले आणि ठार केले.

ज्यांनी देवळे पाडली, तेही देवाच्या गौरवाचेच नाव घेत होते. गलबते सुखरूप आली, लढाई जिंकली, गाव ताब्यात आला की देवाचे आभार मानले जात. मुखाने ते सर्व श्रेय देवाला देत होते. मग ती नम्रता होती काय?

या प्रश्नाला बगल देऊन आम्हांला नम्रतेविषयी काहीही लिहिता येणार नाही. आमचे उत्तर असे आहे: ती नम्रता नव्हती, कारण तिने हिशेब केला नव्हता. देवाला श्रेय देणे म्हणजे जे त्याने दिले ते त्याचे म्हणणे. जे आपण बळाने घेतले, त्यावर त्याचे नाव लिहिणे म्हणजे श्रेय देणे नव्हे. ते तर आपले ओझे त्याच्या खांद्यावर टाकणे झाले. येथेच संत बेनेडिक्ट यांचे दुसरे वाक्य कामी येते. चांगले ते त्याचे, वाईट ते आपले. ही दोन्ही वाक्ये एकत्र उच्चारली, तरच नम्रता. पहिलेच तेवढे उच्चारले, तर तो अहंकाराचा अधिक सोवळा अवतार. १२ मार्च २००० रोजी, ख्रिस्तजयंती वर्षातील उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांकडून शतकानुशतके घडलेल्या अपराधांबद्दल देवाची क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली वापरलेली सक्ती, इतर लोकांच्या संस्कृतींचा व धर्मांचा झालेला अवमान, यांचा त्यात स्पष्ट उल्लेख होता. त्या दिवशी ते दुसरे वाक्य सर्व जगासमोर मोठ्याने उच्चारले गेले.

फादर स्टीफन्स त्याच सत्तेच्या छत्राखाली वावरले, हे आम्ही नाकारीत नाही. आपल्या काळाच्या मर्यादा त्यांनाही होत्या. परंतु त्या छत्राखाली राहूनही एका माणसाच्या हातून निराळे काय होऊ शकते, हे त्यांच्या पुढील आयुष्यात दिसते.

कुंकळ्ळीच्या घटनेनंतर काही महिन्यांनी जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आदी चार इंग्रजांना होर्मुझ येथे पकडून गोव्याच्या तुरुंगात आणून टाकण्यात आले. ज्या देशातून स्टीफन्स यांना श्रद्धेपायी बाहेर पडावे लागले, ज्या देशात त्यांचा मित्र कोठडीत खितपत होता, त्या देशाचे हे व्यापारी. तरीही स्टीफन्स आणि त्यांचे एक सहकारी त्यांच्यासाठी धावले. जामिनाची खटपट केली आणि त्यांना सोडवले. जानेवारी १५८४ मध्ये न्यूबेरीने गोव्याहून धाडलेल्या पत्रात या उपकाराची नोंद आहे, आणि ती ज्या शब्दांत केली आहे ते आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. महागुरूंच्या आणि या दोन पाद्र्यांच्या मनात आमचे मित्र होण्याची बुद्धी देवाने घातली नसती, तर आम्ही तुरुंगातच सडलो असतो, असा त्याचा आशय आहे. त्याने उपकारकर्त्यांना विसरले नाही. त्यांचा निर्देश केला. पण त्यांच्या मनात चांगले घालणारा कोण, हेही तो विसरला नाही. देवाला श्रेय दिले म्हणजे माणसाचे कमी होते असे नाही. समई कोणी उजळली हे सांगितल्याने समईचा उजेड कमी होत नाही.

आता ख्रिस्तपुराणाकडे वळू. ते का रचले, याचे कारण कवीने पहिल्याच अवस्वरूत सांगितले आहे. धर्मशिक्षण चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे येतो आणि विचारतो: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही आम्हांला वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? आज हा प्रसंग वाचताना आम्ही थबकतो. त्या माणसाच्या प्रश्नात एक गाऱ्हाणे आहे. त्याच्याकडून काही काढून घेतले गेले आहे, आणि ती पोकळी त्याला जाणवते आहे. कवीने ते गाऱ्हाणे लपवले नाही. उलट त्यालाच आपल्या ग्रंथाचे निमित्त केले. एवढ्या मोठ्या ग्रंथाचा आरंभ स्वतःच्या स्फूर्तीपासून न करता एका श्रोत्याच्या मागणीपासून करणे, हीसुद्धा श्रेय देण्याचीच एक पद्धत आहे.

ग्रंथाचा विस्तार थोडाथोडका नाही. पैलें पुराण छत्तीस अवस्वरूंचे. त्यात विश्वाच्या उत्पत्तीपासून मसीहाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा. दुसरें पुराण एकोणसाठ अवस्वरूंचे. त्यात प्रभू येशूचे चरित्र. दोन्ही मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. आणि एवढा पसारा मांडण्यापूर्वी कवी काय करतो? तो नमन करतो. विश्व व्यापणाऱ्या सर्वसमर्थ पित्याला, पुत्राला, पवित्र आत्म्याला. पवित्र मरियेला, देवदूतांना, संतांना. स्वतःच्या अपुऱ्या बुद्धीला प्रकाश मिळावा म्हणून तो प्रार्थना करतो, आणि मगच कथेला हात घालतो.

ही रीत त्यांनी युरोपातून आणली नव्हती; निदान तिचा हा मराठी पोशाख तरी येथलाच होता. ज्ञानेश्वरी १२९० साली सिद्ध झाली. तिच्या कर्त्याने आपल्या वाणीचे सारे श्रेय गुरू निवृत्तिनाथांच्या कृपेला दिले आणि शेवटी जे पसायदान मागितले त्यात स्वतःसाठी काहीही मागितले नाही. स्टीफन्स गोव्यात होते त्याच काळात पैठणला एकनाथ होते. त्यांचा भागवतावरील ग्रंथ १५७३ साली पूर्ण झाला, आणि ते आपले नाव घालताना जनार्दनस्वामींच्या नावाला जोडूनच घालीत. स्टीफन्स निवर्तले तेव्हा देहूचे तुकाराम लहान होते. मोठेपणी तेही वारंवार सांगत की बोल माझे नाहीत, बोलविता धनी वेगळाच आहे. स्टीफन्स यांच्या ओवीवर या परंपरेचा ठसा आहे असे अभ्यासक मानतात, आणि ओवी वाचणाऱ्याच्या कानालाही ते पटते. रोमच्या मठात जे ते शिकले होते, त्याला कोकणच्या मातीत तयार झालेले शब्द मिळाले. कृपा ही वस्तू अशी आहे, की ती सांगण्यासाठी लागणारी भाषासुद्धा दुसऱ्याकडून घ्यावी लागते.

भाषेसंबंधी त्यांची वृत्ती पाहण्यासारखी आहे. १५८३ सालच्या पत्रातच त्यांनी भावाला कळवले होते की, या देशातील भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीक यांच्यासारखी आहे आणि त्यांची वाक्यरचना अद्भुत आहे. त्या काळचा युरोपीय विद्वान लॅटिन-ग्रीकच्या पंक्तीला दुसऱ्या भाषा सहजासहजी बसवीत नसे. पुराणात तर त्यांनी मराठीच्या गौरवासाठी रत्ने, फुले, सुगंध, पक्षी, वृक्ष अशा एकामागून एक उपमा योजल्या. आपण त्या ओव्या मराठीचा अभिमान म्हणून म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या उपमांतून कवी स्वतःच्या मराठीची स्तुती करीत नाही, हेही पाहावे. तो मिळालेल्या देणगीची स्तुती करतो. चाळिशी-पन्नाशीपर्यंत कष्ट करून जी भाषा हस्तगत केली, तिच्याबद्दल 'मी शिकलो' असे न म्हणता 'ही पाहा किती सुंदर आहे' असे म्हणणे, यात नम्रतेचा सारा अर्थ आला.

प्रस्तावनेत ते आणखी एक गोष्ट सांगतात. निव्वळ मराठी सामान्य लोकांना समजत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाळून त्यांनी येथल्या ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द मिसळले. विद्वत्ता दाखवण्याची सोय असताना ती बाजूला ठेवणे विद्वानाला किती जड जाते, हे प्रवचन करणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना चांगले ठाऊक आहे.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्यांनी रोमला क्लॉदिओ अक्वाविवा यांना पत्र लिहिले. या देशाच्या भाषेतील पुस्तके याच देशाच्या लिपीत छापलेली पाहावीत अशी आपली फार दिवसांची इच्छा आहे, असे त्यात त्यांनी नमूद केले. अडचण खिळ्यांची होती. युरोपातील चोवीस अक्षरांच्या जागी येथे सुमारे सहाशे साचे लागणार होते. शिवाय वरिष्ठांची अनुज्ञा हवी होती. हे काही झाले नाही. १६१६ साली पुराण निघाले ते रोमन लिपीत. मनासारखे होत नाही म्हणून काम अडवून धरणे हा मोठेपणाचा एक सर्वमान्य प्रकार आहे. स्टीफन्स यांनी मिळाले त्या अक्षरांत काम केले. १६१९ साली ते निवर्तले.

पुढे काय झाले, ते या कथेतील सर्वांत बोलके प्रकरण आहे. त्यांचे कोकणीतील धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली, म्हणजे त्यांच्या मागे, छापले गेले. त्यांचे कोकणी व्याकरण १६४० साली निघाले, तेही दियोगो रिबेरो आणि इतर सहकाऱ्यांनी भर घालून, तपासून. पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ आणि १६५४ साली झाल्या. नंतर वारे फिरले. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढून स्थानिक भाषेच्या जागी पोर्तुगीज भाषा आणण्याचा हुकूम केला. आज या पहिल्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत कोठे असल्याचे ज्ञात नाही.

मग पुराण टिकले कसे? ते लोकांनी टिकवले. दुष्काळ, युद्धे, कर आणि इन्क्विझिशनचा जाच यांमुळे गोव्यातून अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेस कानडा मुलुखात, मंगळूरकडे गेली. त्यांच्या गाठोड्यांतून पुराणाच्या हातांनी उतरलेल्या प्रती गेल्या. १७८४ ते १७९९ या काळात हाच समाज टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात भरडला गेला. त्यानंतरही घराघरांतून पुराण गाइले जात राहिले. अखेर जोसेफ सालढाणा यांनी अशाच हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूरहून ते पुन्हा रोमन लिपीत छापले. देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित लंडनमध्ये मार्सडेन यांच्या संग्रहात सापडले. आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरीत संपूर्ण पुराण प्रसिद्ध केले. ज्या इच्छेसाठी सहाशे साचे मिळाले नव्हते, ती इच्छा कर्त्याच्या मृत्यूनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी, त्याला कधीही न भेटलेल्या माणसांच्या हातून पुरी झाली. पुढे फादर कारिदाद द्रागो यांच्या परिश्रमांतून १९९६ साली मुंबईहून आणखी एक देवनागरी आवृत्ती निघाली.

त्या प्रती उतरून काढणाऱ्या हातांची नावे बहुतेक कोणालाच ठाऊक नाहीत. दिवाबत्ती झाल्यावर चटईवर बसून पुराण म्हणणाऱ्या त्या आजीबाई, ऐकता ऐकता पाठ करणारी मुले, फाटलेले पान पुन्हा लिहून काढणारे ते घरचे कारकून. ख्रिस्तपुराणाचे श्रेय वाटायला बसलो तर यांच्या वाट्याला किती द्यावे? आणि त्यांना ती चिकाटी कोणी दिली? हिशेब मागे मागे नेत गेलो की तो एकाच ठिकाणी जाऊन थांबतो. म्हणूनच जुने कवी तेथूनच आरंभ करीत असावेत.

येथे आम्हांला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही सेवा करीत असलेल्या धर्मग्रामात चर्चचा जीर्णोद्धार झाला. त्या निमित्ताने स्मरणिका काढली. तिची मुद्रिते आम्हीच तपासली होती. प्रकाशनानंतर आठवडाभराने एक वृद्ध धर्मशिक्षिका, जिने त्या गावातील तीन पिढ्यांना क्रुसाची खूण करायला शिकवले होते, स्मरणिका घेऊन आमच्याकडे आली. तिने आभाराचे पान उघडून आमच्यापुढे ठेवले. त्यात देणगीदार होते, कंत्राटदार होते, मंडपवाले होते, आणि प्रमुख धर्मगुरूंच्या कुशल मार्गदर्शनाचा गौरव दोन परिच्छेद होता. अगदी शेवटच्या ओळीत, जागा उरली म्हणून टाकल्यासारखे, छापले होते: 'परमेश्वराचेही आभार'.

"फादर," ती म्हणाली, "बाकी सगळं छान झालंय. तेवढा तो 'ही' जरा बघा."

तिचे स्वतःचे नाव स्मरणिकेत कोठेच नव्हते. तिच्या ते लक्षातही आले नसावे. आमच्या मात्र त्या क्षणी आले. एका अक्षराच्या त्या अव्ययात आमचा सारा हिशेब उघडा पडला होता. देवाला आम्ही देणगीदारांच्या यादीत शेवटचा क्रमांक दिला होता. आणि ज्यांच्या हातून त्याने खरोखर काम केले, त्यांना यादीतच घेतले नव्हते. ही दोन्ही विस्मरणे बरोबरच होतात, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. ज्याला देणारा दिसत नाही, त्याला देणाऱ्याचे हातही दिसत नाहीत.

म्हणून वाचकांना आमची विनंती एवढीच आहे. नम्रता म्हणजे 'माझ्याने काही होत नाही' असे म्हणणे, ही समजूत सोडून देऊ या. अकरा हजार ओव्या रचणाऱ्या माणसाने तसे म्हटले नाही. 'मी पामर' असे म्हणत कामातून अंग काढून घेणे सोपे आहे. काम तडीस नेऊन त्यावरची मालकी सोडणे कठीण. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचा हिशेब करताना संत बेनेडिक्ट यांची दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी ठेवू या. आज जे चांगले झाले, ते कोणी दिले आणि कोणाच्या हातून दिले, याची नावानिशी आठवण करू या. जे वाईट झाले, ते देवाच्या, नशिबाच्या किंवा शेजाऱ्याच्या नावावर न टाकता आपल्या नावावर मांडू या.

पवित्र मरियेने अलिशिबेच्या घरी जे स्तुतिस्तोत्र गाइले, त्यात तिने आपल्यासाठी घडलेल्या थोर गोष्टी नाकारल्या नाहीत. सर्व पिढ्या आपल्याला धन्य म्हणतील, हेही तिने स्पष्टपणे सांगितले. फक्त त्या थोर गोष्टींचा कर्ता कोण, हे तिने आधी सांगितले. सारा फरक आधी आणि नंतर एवढाच आहे. जुने कवी नमन आधी करीत; आम्ही आभार शेवटी मानले, आणि तेही 'ही' लावून. पुढच्या स्मरणिकेत, आणि आयुष्याची जी काही पाने अजून छापायची राहिली आहेत त्यांत, तेवढी दुरुस्ती करण्याची बुद्धी प्रभूने आम्हांला द्यावी.